चमत्कारांचे युग संपले का? केडगावची जागृती आणि आपली करामत

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन इथलेच. रमाबाई म्हटले की आपल्याला बालविधवांची शाळा, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि त्यांच्या धर्मांतरावरून उठलेले वादळ आठवते. जगातल्या ख्रिस्ती चळवळींच्या इतिहासात मात्र केडगावचे नाव आणखी एका कारणाने येते. १९०५ च्या जून अखेरीस इथल्या मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उठली. मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करू लागल्या. काहींना अंगात आग पेटल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी काही मुली कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागल्या. पवित्र आत्म्याने ही भाषा दिली, असे त्यांचे आणि त्यांना शिकवणाऱ्यांचे म्हणणे होते.

यातून ख्रिस्ती धर्मातला एक जुना वाद पुन्हा पेटला. येशूच्या शिष्यांना जे चमत्कार करता येत होते, ते आजच्या ख्रिस्ती माणसालाही करता येतात का? की पहिल्या पिढीबरोबर ते सगळे संपले?

मुसलमानाने या वादात का पडावे, असे काही वाचक विचारतील. माझ्याकडे त्याची दोन कारणे आहेत. हजरत ईसा (अलै.) यांनी अल्लाहच्या हुकमाने आंधळ्याला दृष्टी दिली, कोडी माणसाला बरे केले, मेलेल्याला उठवले, हे कुरआनात आलेले आहे. त्यामुळे ख्रिस्ती चमत्कारांची सुरुवात जिथून होते तिथपर्यंत तो आपल्याही श्रद्धेचा भाग आहे. दुसरे कारण असे की, हाच वाद आपल्याकडेही झाला आहे. मोजिजा आणि करामत यांत फरक काय, वलीला करामत असते का, या प्रश्नांवर आपल्या उलेमांनी हजार वर्षे लिहिले आहे. त्यांच्या आणि ख्रिस्ती पंडितांच्या युक्तिवादांत इतके साम्य आहे की दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावरच दोन्ही नीट कळतात.

मूळ वाद

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. मराठी मुसलमान ‘प्रेषित’ म्हणतो तेव्हा त्याला पैगंबर अभिप्रेत असतो. मराठी बायबलमध्ये ‘प्रेषित’ म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, पेत्र, योहान, पौल वगैरे. पैगंबराला तिथे ‘संदेष्टा’ म्हणतात. या लेखात गोंधळ नको म्हणून मी येशूच्या शिष्यांना ‘शिष्य’ असेच म्हणेन.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेंटेकॉस्टच्या दिवसाची हकिकत आहे. येशू निघून गेल्यावर यरुशलेममध्ये शिष्य एकत्र जमले होते. त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला आणि ते वेगवेगळ्या देशांच्या भाषांत बोलू लागले. बाहेर जमलेल्या परदेशी यहुद्यांना आपापली भाषा ऐकू आली. पुढे पौलाने करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा देणग्यांची यादी येते. आजारी माणसाला बरे करणे, चमत्कार करणे, ईश्वरी संदेश देणे, अन्य भाषा बोलणे, त्या भाषांचा अर्थ सांगणे अशा एकूण नऊ गोष्टी त्यात आहेत. मराठी ख्रिस्ती लोक यांना ‘कृपादाने’ म्हणतात.

त्याच पत्रात पौल पुढे म्हणतो की, संदेश आणि भाषा एक दिवस संपतील, पूर्णत्व आले की अपूर्ण गोष्टी नाहीशा होतील आणि प्रीती मात्र टिकून राहील. सगळा वाद या एका मुद्द्याभोवती फिरतो. पूर्णत्व म्हणजे काय? एक पक्ष सांगतो की बायबलचे लेखन पूर्ण झाले तेच पूर्णत्व, म्हणून कृपादाने तेव्हाच थांबली. दुसरा पक्ष सांगतो की येशू परत येईल तेव्हा पूर्णत्व येईल, म्हणून तोवर कृपादाने चालूच राहणार. सोयीसाठी पहिल्याला समाप्तिवादी आणि दुसऱ्याला सातत्यवादी म्हणू.

पहिली चार शतके

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचे बिशप आयरेनियस लिहितात की त्यांच्या काळातही लोक आत्म्याच्या बळावर रोगी बरे करतात आणि अन्य भाषा बोलतात. म्हणजे शिष्यांच्या पाठोपाठ सगळे एकदम थांबले, असे म्हणायला हा एक मोठा अडथळा आहे.

पण त्याच काळात, आजच्या तुर्कस्तानातील फ्रिजिया भागात, मोंटेनस नावाचा माणूस आणि त्याच्याबरोबर प्रिस्का व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया ईश्वरी संदेश देऊ लागल्या. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने ज्या ‘कैवाऱ्या’चे वचन दिले तो आपल्या मुखातून बोलतो, असा त्यांचा दावा होता. (त्या कैवाऱ्याच्या वचनात प्रेषित मुहंमद (स.) यांचे भाकीत आहे, असे बरेच मुस्लिम अभ्यासक मानतात, हे वाचकांना माहीत असेलच.) चर्चच्या पुढाऱ्यांनी या चळवळीला पाखंड ठरवले. उत्तर आफ्रिकेतला टर्टुलियनसारखा जबरदस्त लेखक मात्र तिच्या बाजूने गेला. या प्रकरणाने बिशपांच्या मनात धास्ती बसली. कोणीही उठून ‘माझ्या तोंडून देव बोलतो’ म्हणू लागला, तर ग्रंथाचे आणि बिशपाचे काय राहिले? देणग्यांबद्दलचा चर्चचा संशय या अनुभवातून वाढला, असे मला वाटते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तम करिंथकरांच्या पत्रावर प्रवचन देताना सरळ कबूल करतात की हा भाग समजायला अवघड आहे, कारण त्यात वर्णन केलेल्या गोष्टी आता घडत नाहीत. त्यांचे समकालीन ऑगस्टीन यांचेही तरुणपणी असेच मत होते. चमत्कार चालू राहिले तर माणसाचे मन कायम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्याच मागे लागेल, म्हणून ते थांबले, असे त्यांनी लिहिले होते.

पण उतारवयात ऑगस्टीन यांनी मत बदलले. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात ते आपल्या परिसरात घडलेल्या चमत्कारांची यादीच देतात. हुतात्मा स्तेफनाचे अवशेष त्यांच्या हिप्पो या गावी आल्याला दोन वर्षेही झाली नव्हती आणि तेवढ्यात जवळजवळ सत्तर घटनांची लेखी नोंद झाली होती. बरे झालेल्या माणसाकडून लेखी हकिकत घ्यायची आणि ती सर्वांसमोर वाचायची, अशी त्यांची पद्धत होती. या चमत्कारांवर विश्वास ठेवा न ठेवा, पण ‘ऐकीव सांगू नका, लिहून द्या’ हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो.

कॅथलिक चर्चने पुढे ऑगस्टीनच्या या उत्तरायुष्याचीच वाट धरली. तिथे चमत्कार कधी थांबलेच नाहीत. आजही एखाद्याला संत ठरवायचे तर चर्च चमत्काराचा पुरावा मागते आणि डॉक्टरांकडून तपासून घेते. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ पासून बरे झाल्याचे हजारो दावे आले. चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिली ती सत्तरच्या आसपास घटनांना.

सुधारकांची अडचण

सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्विन यांनी पोपविरुद्ध बंड केले तेव्हा त्यांना विचारले गेले, तुमचा धर्म खरा असेल तर तुमचे चमत्कार कुठे आहेत? फ्रान्सच्या राजाला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत कॅल्विन यांनी याला उत्तर दिले. आम्ही नवा धर्म आणलेला नाही. जुन्याच शुभवर्तमानाची साक्ष येशूने आणि त्याच्या शिष्यांनी चमत्कारांनी दिलेली आहे, तेव्हा नव्या साक्षीची गरज नाही, असा त्यांचा मुद्दा होता. संतांच्या हाडांच्या आणि वस्तूंच्या नावाखाली चाललेल्या बाजारावर त्यांनी १५४३ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

समाप्तिवादाची ताकद इथे आहे. ‘चमत्कार संपले’ हे म्हणणे त्या वेळी बाजाराविरुद्धचे हत्यार होते. आमच्याकडे तबर्रुकच्या नावाने जे चालते त्यावर बोलणाऱ्या सुधारकांना कॅल्विनची ही भाषा ओळखीची वाटेल.

पण या हत्याराला दोन्ही बाजूंनी धार होती. १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम यांचा चमत्कारांवरचा निबंध आला. निसर्गनियम मोडल्याची साक्ष मानण्यापेक्षा साक्षीदार चुकला असे मानणे नेहमीच अधिक सयुक्तिक, असे त्याचे सार. पुढच्याच वर्षी कॉनियर्स मिडलटन या इंग्रज धर्मपंडिताने शिष्यांनंतरच्या सगळ्या चमत्कारकथा भोळेपणाच्या किंवा फसवणुकीच्या ठरवल्या. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्याला लगेच उत्तर लिहिले. देणग्या कमी झाल्या त्या देवाने काढून घेतल्या म्हणून नव्हे, कॉन्स्टंटाइन बादशहानंतर सत्ता-संपत्ती आली आणि ख्रिस्ती माणसांचीच श्रद्धा थंडावली म्हणून, असे वेस्ली यांचे मत होते.

समाप्तिवादाची सर्वांत नेमकी मांडणी प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये ‘बनावट चमत्कार’ अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात केली. चमत्कार हे शिष्यांचे ओळखपत्र होते. ज्यांच्या डोक्यावर शिष्यांनी हात ठेवले त्यांच्यापर्यंत ही देणगी पोचली. ती माणसे गेली आणि देणगीही गेली. देव आजही प्रार्थना ऐकतो, आजारी माणूस बराही होतो. पण चमत्कार करण्याचा अधिकार कोणा माणसाकडे उरलेला नाही, असे त्यांनी मांडले. वॉरफिल्ड यांनी आजारी पत्नीची अनेक वर्षे शुश्रूषा केली होती. १९१५ मध्ये ती गेली. श्रद्धा कमी पडली म्हणून रोगी बरा झाला नाही, असे सांगणाऱ्यांविषयी या पुस्तकात जी कठोरता आहे ती वाचताना ही गोष्ट मला आठवते.

केडगाव, लॉस एंजेलिस, चिली

वॉरफिल्ड यांचे पुस्तक आले तोवर जगात उलटीच लाट सुरू झाली होती. १ जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतल्या टोपेका येथे चार्ल्स पार्हम यांच्या बायबल शाळेतली एक विद्यार्थिनी अन्य भाषा बोलली. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या काळ्या उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या. सेमूर यांचे आई-वडील गुलामगिरीतून सुटलेले होते. जिथे काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसणेही दुर्मीळ होते तिथे दोघे गुडघे टेकून शेजारी प्रार्थना करू लागले. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली.

केडगावची गोष्ट याच्या आधी सुरू होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी. अनाथ, विधवा, टाकून दिलेल्या अशा या मुली होत्या. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये झालेल्या धर्मजागृतीच्या बातम्या रमाबाईंच्या कानावर आल्या. खासी टेकड्यांतही तसेच झाल्याचे कळले. त्यांनी १९०५ च्या सुरुवातीला प्रार्थनेसाठी एक गट केला. सुरुवातीच्या सत्तर जणींच्या पाचशेपेक्षा जास्त झाल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे एक मुलगी ‘माझ्या अंगात आग आहे’ म्हणून जागी झाली. शेजारणीला खरेच ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहे.

अब्राम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि चिलीत राहणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना, पाठवले. मे आणि त्यांचे पती विलिस हूवर यांना ते १९०७ मध्ये मिळाले. १९०९ मध्ये वालपराइसो शहरात तशीच जागृती झाली आणि तिच्यातून चिलीचे पेंटेकॉस्टल चर्च उभे राहिले. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चळवळीचे एक मूळ पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींपर्यंत जाते. ॲलन अँडरसन यांच्यासारखे इतिहासकार म्हणूनच सांगतात की या चळवळीचे उगमस्थान एकट्या अमेरिकेत शोधू नका.

या जागृतीकडे मी आधी सामाजिक घटना म्हणून पाहतो. ज्या मुलीला घरात, गावात, देवळात तोंड उघडायची परवानगी नव्हती, ती शेकडो माणसांसमोर मोठ्याने बोलू लागली, कारण तिला परवानगी देणारा आता कोणी माणूस नव्हता. अझुसा स्ट्रीटवरच्या मोलकरणी आणि हमालांचेही तेच. काही युरोपियन मिशनऱ्यांना केडगावचा हा आरडाओरडा आवडला नाही. रमाबाईंनी त्यांना ठणकावले की भारतीय ख्रिस्ती माणसाला त्याच्या पद्धतीने प्रार्थना करू द्या, पवित्र आत्म्याला पाश्चात्त्य शिस्तीत बसवू नका.

भाषेची परीक्षा

रोगी बरा झाला का, हे ठरवणे कठीण असते. भाषा आली का, हे तपासता येते. म्हणून या प्रश्नाची खरी कसोटी भाषेपाशी लागली.

पार्हम यांचा विश्वास होता की पवित्र आत्मा मिशनऱ्यांना न शिकता परदेशी भाषा देईल. अझुसा स्ट्रीटवरून आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन याच भरवशावर निघाले. गार यांना वाटत होते की आपल्याला बंगाली मिळाली आहे. १९०७ च्या सुरुवातीला ते कलकत्त्यात पोचले आणि बंगालीत उपदेश करता येत नाही, हे त्यांना कळून चुकले. त्यांच्या सभांना कलकत्त्यात प्रतिसाद मिळाला, पण तो इंग्रजीतल्या उपदेशाला. पुढे हाँगकाँगला गेल्यावर चिनी भाषेचा प्रश्न त्यांनी दुभाषा घेऊन आणि अभ्यास करून सोडवला. हळूहळू चळवळीनेही आपली व्याख्या बदलली. ही परदेशी भाषा नसून देवाशी बोलण्याची भाषा आहे, असे बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळी मानू लागली.

गोव्यातही हेच पाहायला मिळते. १६२२ मध्ये संतपद मिळालेल्या फ्रान्सिस झेवियर यांना भाषांचे दैवी वरदान होते, अशी ख्याती झाली. पण झेवियर यांची स्वतःची पत्रे वेगळे सांगतात. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये भाषांतरित करून घेतल्या, पाठ केल्या आणि दुभाष्यांची मदत घेतली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्याबद्दल अशी आख्यायिका नाही. त्यांनी इथली भाषा कष्टाने शिकून ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये छापले गेले आणि मराठी वाङ्मयात कायमचे राहिले.

आता केडगाव. दौंडचे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहिले आहे की मुक्तीतल्या इंग्रजी न येणाऱ्या मुलींना त्यांनी शुद्ध इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकले. नॉर्टन खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. पण या मुलींच्या भोवती इंग्रजीत प्रार्थना करणारी माणसे रोज वावरत होती, हेही विसरता येत नाही. कानावर पडलेले शब्द भावनेच्या भरात बाहेर येऊ शकतात. ज्याला चमत्कार मानायचा आहे त्याने मानावा. पण माझ्या मते एवढ्या पुराव्यावर तो दुसऱ्यावर लादता येणार नाही.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती खुद्द रमाबाईंची भूमिका. त्यांनी अन्य भाषा बोलणाऱ्या मुलींना गप्प केले नाही. ही देणगी खरी असू शकते, असे त्या मानत होत्या. पण पवित्र आत्मा मिळाल्याची हीच एकमेव खूण, हे त्यांनी मान्य केले नाही. आत्म्याचे खरे लक्षण प्रीती, असे त्या सांगत राहिल्या. आणि त्याच वर्षांत त्या स्वतः काय करत होत्या? बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. ज्या आवारात न शिकता भाषा आल्याचे सांगितले जात होते, त्याच आवारात ही संस्कृत पंडिता पन्नाशीकडे झुकलेल्या वयात व्याकरणाची पुस्तके घेऊन बसली होती. ते काम १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. छपाईचे कामही मुक्तीतल्या बायकांनी केले.

आपल्याकडचा वाद

आता आपल्या घरात येऊ. मोजिजा पैगंबराचा, करामत वलीची, ही विभागणी आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती सहज ठरलेली नाही. मोतझिला पंथाच्या विचारवंतांनी करामत नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता: चमत्कार हा पैगंबराचा पुरावा आहे. तोच दुसऱ्या कोणालाही करता येऊ लागला तर पैगंबर ओळखायचा कसा? वॉरफिल्ड यांचा ओळखपत्राचा युक्तिवाद हाच आहे, फक्त तो हजार वर्षांनी आला. स्पेनचे इब्न हज्म मोतझिला नव्हते, तरी याबाबत त्यांचे मत असेच होते.

अशअरी उलेमांनी याला उत्तर दिले. मोजिजासोबत पैगंबरीचा दावा आणि आव्हान असते. वली असा दावा करत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. जो दावा करेल तो वलीच नव्हे. आधार म्हणून त्यांनी बीबी मरियम यांची कुरआनातली गोष्ट सांगितली. मेहराबीत त्यांच्यासमोर अन्न येत असे. बहुसंख्य उलेमांच्या मते मरियम पैगंबर नाहीत, तरी हे घडले. म्हणजे आपल्याकडे करामतीचा पहिला दाखला ख्रिस्ती लोकांनाही पूज्य असलेल्या एका स्त्रीचा आहे. नसफी यांच्या अकीद्यात करामत खरी असल्याचे नोंदले गेले आणि त्यावरची तफ्ताझानींची टीका मदरशांत आजही शिकवली जाते. इब्न तैमिया दर्ग्यांवरच्या प्रथांचे कडवे टीकाकार, पण करामत त्यांनीही नाकारली नाही.

सुफींनी यात एक मोठी अट घातली. करामत झाली तरी ती लपवावी, कारण ती वलीसाठीही परीक्षा असते. हवेत उडणारा माणूस दिसला तरी तो शरीयतच्या आज्ञा कशा पाळतो हे पाहिल्याशिवाय भुलू नका, अशा अर्थाचे वचन बायजीद बिस्तामींच्या नावावर आहे. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी निसर्गनियम मोडत नाहीत अशी भूमिका घेतली, तेव्हा लोकांनी त्यांना ‘नेचरी’ म्हणून हिणवले.

आपल्याला एक जुनी सवयही आहे. १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि मिशनरी फँडर यांचा गाजलेला वादविवाद झाला. मुहंमद पैगंबरांनी चमत्कार केले नाहीत, असे फँडर यांनी आपल्या ग्रंथात लिहिले होते आणि आपल्या बाजूनेही तितक्याच जोरात उत्तरे दिली गेली. तेव्हापासून दोन्हीकडचे वक्ते दुसऱ्याचा चमत्कार थोतांड आणि आपला तेवढा खरा, असे एकाच दमात सांगतात. कुरआनाची शिकवण मात्र वेगळी दिसते. मक्केचे लोक निशाण्या मागत, झरे फोडून दाखवा, आकाशात चढून दाखवा म्हणत. सूरह बनी इस्राईलमध्ये त्यावर उत्तर येते की मी तर एक माणूस, एक संदेशवाहक आहे. सूरह अन्कबूतमध्ये विचारले जाते की पाठवलेला ग्रंथ यांना पुरेसा नाही का?

आज प्रश्न कुठे आहे

हा वाद आज ग्रंथालयापुरता नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०११ च्या अंदाजानुसार जगात पेंटेकॉस्टल आणि करिश्माई ख्रिस्ती सुमारे ५८ कोटी आहेत, म्हणजे एकूण ख्रिस्ती लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. समाप्तिवादीही गप्प नाहीत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातले पास्टर जॉन मॅकआर्थर यांनी या चळवळीविरुद्ध मोठी परिषद भरवली आणि पुस्तक लिहिले.

आपल्या गल्लीतही प्रश्न तोच आहे. माहीममध्ये बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक जातात, आणि त्याच माहीममध्ये मखदूम फकीह अली माहिमी यांच्या दर्ग्यावरही सर्व धर्मांचे लोक येतात. मखदूम साहेबांची करामत सगळ्यांना ठाऊक असते. चौदाव्या-पंधराव्या शतकात कोकणच्या या आलिमाने अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले, हे किती जणांना ठाऊक असते? रमाबाईंच्या हिब्रू-ग्रीकचे जे झाले तेच इथे झाले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यावर सगळ्याच धर्मांतल्या लोकांनी ओरड केली. पण कायदा चमत्कार होतो की नाही, या वादात पडत नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला त्याची मनाई नाही. चमत्कार दाखवून पैसे उकळणे, लोकांना फसवणे आणि दहशतीत ठेवणे, साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडे-दोरे करणे, हे गुन्हे आहेत. श्रद्धेला हात न लावता इजा आणि फसवणूक थांबवण्याची ही रेषा मला योग्य वाटते. विशेष म्हणजे ती सुफींच्या अटीपासून फार दूर नाही. जो करामतीचा फलक लावतो आणि दर ठरवतो, त्याला बायजीदनेही वली मानले नसते.

माझी स्वतःची भूमिका विचाराल तर, अल्लाहच्या सामर्थ्याला मी कालमर्यादा घालू शकत नाही, म्हणून ‘चमत्कार संपले’ असे छातीठोक म्हणणार नाही. पण चमत्काराचा अधिकार अमुक माणसाच्या हाती आहे, हे मानायलाही मी तयार नाही. इथे मला वॉरफिल्ड आणि आपले जुने उलेमा दोघेही पटतात. ज्याची प्रार्थना माणसाला दवाखान्यापासून तोडते, ज्याच्या दाव्यासमोर प्रश्न विचारता येत नाही, त्याच्यापासून लांब राहावे, मग तो पास्टर असो, बाबा असो की आमिल.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी. आज ख्रिस्ती प्रार्थनासभांवर धर्मांतराचे आरोप होतात, दर्ग्यांवर दावे सांगितले जातात. अशा वेळी शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करून टाळ्या मिळवणे सोपे असते. केडगावच्या मुलींना जो प्रश्न आपण विचारतो, तोच आपल्या मोहल्ल्यातल्या तावीजवाल्याला विचारला पाहिजे: लेखी पुरावा आहे का, पैसे कोणाकडे गेले, आजारी माणसाचे पुढे काय झाले? आणि ज्या मुलीला त्या आवारात पहिल्यांदा आवाज मिळाला, तिच्याबद्दल जो आदर वाटतो, तोच दर्ग्याच्या जाळीला कपाळ टेकून रडणाऱ्या आपल्या बाईबद्दलही वाटला पाहिजे. तिला आधी दवाखाना हवा, शाळा हवी, ऐकून घेणारे कोणी हवे. रमाबाईंनी मुक्तीच्या मुलींसाठी यातले बरेचसे केले होते. आपण आपल्या मोहल्ल्यात त्याला कधी हात घालणार, याचा विचार वाचकांनी करावा.